आरडीकिटमध्ये अणुवार मूल्ये काढताना हायड्रोजनचे काय करावे? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी मुंबईत कलिना येथे रसायनशास्त्रात संशोधन करतो. रेणूतील प्रत्येक अणूची ध्रुवणक्षमता (विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉनांचा ढग किती सहज सरकतो ते) स्वतंत्रपणे देणारे फंक्शन मी आरडीकिट या रेणूंवर काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी सी प्लस प्लसमध्ये लिहीत आहे.

अडचण हायड्रोजनची आहे. पॅरासिटामॉलच्या रेणूत 20 अणू असतात. पण स्माइल्समधून, म्हणजे रेणूची रचना अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीतून, रेणू वाचला की 11 जड (हायड्रोजन सोडून इतर) अणूच प्रत्यक्ष नोंदले जातात आणि उरलेले 9 हायड्रोजन गृहीत राहतात, त्यामुळे माझ्या यादीची बेरीज संपूर्ण रेणूच्या मूल्याशी जुळत नाही. क्रिपन पद्धतीच्या लॉगपीतही (पदार्थ पाण्यापेक्षा तेलकट द्रावकात किती विरघळतो याचे माप) हायड्रोजन आधी न जोडता अणुवार वाटे मागितले, तर हाच फरक पडतो. गास्टायगर पद्धतीने काढलेल्या अणूंच्या आंशिक विद्युत प्रभारांत मात्र जड अणूचा प्रभार आणि त्याला जोडलेल्या गृहीत हायड्रोजनांचा प्रभार त्याच अणूवर वेगवेगळ्या नावांनी साठवला जातो. मला ही रीत अधिक योग्य वाटते, कारण तिच्यात काहीच हरवत नाही.

मी हीच रीत स्वीकारावी, की वापरणाऱ्याने आधी हायड्रोजन जोडावेत अशी अट घालावी? पायथनला मूल्ये यादीच्या रूपात परत द्यावीत, की अणूवरच ठेवावीत? मूळ कोडमध्ये ज्यांनी भर घातली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर सांगावा.