मदत हवी आहे: घरच्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर बाहेरून कुणालाच येता येत नाही

नांदूरवाला
तीन दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय. आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपसाठी घरीच मॅस्टोडॉन टाकलंय (ट्विटरसारखं, पण स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं आणि दुसऱ्या सर्व्हरांशी जोडणारं). राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरची विनंती घरच्या सर्व्हरकडे वळवली, डोमेन जोडलं. घरात उघडतं, बाहेरून नाही. रविवारी सगळे नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात भेटतोय, त्याआधी चालू व्हायलाच हवं. लवकर सांगा कुणीतरी.

तारजोड
कशावर टाकलंय? कोणते पोर्ट? घरात डोमेनने उघडतं की १९२.१६८ वाल्या घरातल्या पत्त्याने? राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर कोणता आयपी दिसतो?

सिडको_४७
दहा-बारा जणांसाठी एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी काढा, पाच मिनिटांत होतं.

नांदूरवाला
व्हॉट्सअ‍ॅपच आहे आत्ता. मागच्या जानेवारीतली एक नोंद शोधायला दोन तास गेले, आणि फोटो सापडला तो इतका बारीक झालेला की पायातल्या रिंगवरचा नंबर वाचता येईना. म्हणून स्वतःचं हवंय.
@तारजोड रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर), चार जीबी, एसडी कार्ड. पोर्ट ८० आणि ४४३. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये नाव आणि घरातला पत्ता टाकून उघडतो. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट मिळत नाही, टाइमआउट येतो. वॅन आयपी बघतो.

गंगापूररोड
एसडी कार्डवर पोस्टग्रेसचा डेटाबेस? आधी ते हलवा. माझं कार्ड सात महिन्यांत गेलं, बॅकअप नव्हता, सगळ्यांच्या पोस्ट गेल्या. यूएसबीला एसएसडी लावा, आणि राउटर व पाय दोन्ही यूपीएसवर घ्या. मुळात बारा जणांना मॅस्टोडॉन जड आहे. पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक असे वेगवेगळे प्रोग्रॅम, सगळे सांभाळावे लागतात. त्याच जातीचं पण हलकं गोटूसोशल टाका, एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसवरही चालतं.

तारजोड
बरोबर आहे, पण त्याचा आत्ताचा प्रश्न तो नाहीये.

नांदूरवाला
वॅनवर १००.७३ ने सुरू होणारा आयपी आहे. "माझा आयपी" दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच येतो. डोमेनला तो दुसरा दिलाय.

तारजोड
सापडलं. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आयपी म्हणजे सीजीनॅट. कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटते. बाहेरून आलेली विनंती तिच्याच नॅटपाशी अडते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. तुमचं फॉरवर्डिंग कदाचित पहिल्या दिवसापासून बरोबर असेल. सर्टिफिकेटही त्यामुळेच अडलंय. कंपनीकडे स्टॅटिक पब्लिक आयपी मागा, वेगळे पैसे पडतील.

पेठनाका
पैसे कशाला? क्लाउडफ्लेअर टनेल लावा, घरचा सर्व्हरच आतून त्यांच्याशी जोडणी करतो आणि लोक त्यांच्यामार्फत येतात. माझ्याकडे तेच आहे, राउटरला हातसुद्धा लावावा लागला नाही.

तारजोड
टनेलमध्ये एचटीटीपीएसचं कुलूप क्लाउडफ्लेअरकडे उघडतं, म्हणजे सगळी वाहतूक मधल्या कंपनीला दिसू शकते. त्यापेक्षा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या आणि वायरगार्ड व्हीपीएनने वाहतूक घरापर्यंत आणा. टीएलएस, म्हणजे ते कुलूप, घरच्या पायवरच उघडू दे.

पेठनाका
आणि त्या व्हीपीएसची देखभाल कोण करणार? माणसाला रविवारी दाखवायचंय.

गंगापूररोड
व्हीपीएस घेतलाच तर सर्व्हरच तिथे ठेवा ना, घरी कशाला?

तारजोड
फोटो वाढत जातात. घरी एक टीबीची डिस्क एकदाच घ्यायची, तिकडे जागेचं भाडं दर महिन्याला. दुसऱ्या सर्व्हरवरून येणारे फोटोही कॅशेत साठतात, ते टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या कमांडने अधूनमधून साफ करा.
@नांदूरवाला, डोमेन कायमचं आहे ना? एकदा बाकीच्या सर्व्हरांशी बोलणं सुरू झालं की नाव बदलता येत नाही.

नांदूरवाला
चाचणीपुरतं घेतलंय!! बरं झालं विचारलंत. आज रात्री नवीन नाव घेतो आणि गोटूसोशलच टाकतो, एसएसडीवर. रविवारपुरता टनेल, सोमवारी स्टॅटिक आयपीला फोन करतो.

सिडको_४७
नांदूर मध्यमेश्वर २०१९ मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं ना, महाराष्ट्रातलं पहिलंच? रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आलेत का यंदा? आम्हीही रविवारी निघतोय, मुलांना घेऊन.

नांदूरवाला
रोहित नाही दिसले अजून. चक्रवाक भरपूर आहेत. सकाळी साडेसहाच्या आत पोचा, नंतर पाण्यावरून ऊन डोळ्यात येतं.