मदत हवी आहे: कॅस्केस आणि सिंट्रा एकाच दिवसात कसे बसवावे? (तातडीचे)

वाटसरू
नमस्कार. आम्ही सध्या लिस्बनमध्ये असून उद्याचा एकच दिवस हाताशी आहे. सकाळी कॅस्केस, दुपारी सिंट्रा आणि संध्याकाळी काबो द रोका येथे सूर्यास्त असा बेत आखला आहे. परंतु नकाशात पाहिले की अंतरे किरकोळ वाटतात आणि प्रवासवर्णने वाचली की प्रत्येक जण वेगळेच सांगतो. हे एका दिवसात होईल की नाही, आणि होणार असेल तर कोणत्या क्रमाने, एवढेच कृपया नेमके सांगावे. पोर्तुगालला किमान दहा दिवस हवेत हे मला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगू नये. तिकिटे आज रात्रीच काढायची आहेत.

खिडकीपाशी
कॅस्केसची गाडी काइश दु सोद्रे स्थानकातून सुटते आणि साधारण चाळीस मिनिटांत पोहोचवते. जाताना डावीकडची खिडकी धरावी. बेलेंपर्यंत शेजारी तेजू नदी असते. पुढे नदी कुठे संपली आणि अटलांटिक कुठे सुरू झाला हे कळत नाही, फक्त एखाद्या स्थानकावर दार उघडले की खारा वास आत येतो. मी हा प्रवास तीनदा केला असून तिन्ही वेळा परतताना मुद्दाम उजवीकडे बसलो. सिंट्राची गाडी या मार्गावर नाही; ती रोसियु स्थानकातून सुटते. कॅस्केस ते सिंट्रा रेल्वेच नाही, तेथे ४०३ क्रमांकाची बस घ्यावी लागते आणि ती काबो द रोकावरून जाते.

मांडवीकाठ
थोडी दुरुस्ती सुचवतो. कॅस्केस या गावाचा उच्चार ‘कश्कायश’ असा आहे. शब्दाच्या शेवटचा ‘स’ लिस्बनकडे ‘श’ होतो. ‘काबो’ म्हणजे भूशिर, आणि आमच्या दोनापावलाजवळचे काबो व काणकोणातले काबो द राम ही नावे त्याच शब्दावरून आली आहेत.

उठाठेवकर
उच्चाराचे नंतर पाहू. बसचा क्रमांक मात्र जुना आहे; नवी व्यवस्था आल्यापासून हीच बस १६२४ झाली आहे, त्यामुळे ४०३ शोधत थांबल्यास सूर्यास्त स्थानकावरच होईल. प्रश्नकर्त्यांनी तीन गोष्टी लिहिलेल्या नाहीत: महिना कोणता, उद्या वार कोणता आणि बरोबर कोण आहे.

वाटसरू
वाराचा येथे काय संबंध आहे ते समजले नाही. उद्या सोमवार आहे, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा चालू आहे आणि बरोबर आई आहे.

उठाठेवकर
संबंध असा की सोमवारी कश्कायशमधली संग्रहालये बंद असतात. वास्तुशिल्पकार एदुआर्दु सोतु द मोरा यांनी बांधलेले, २००९ साली उघडलेले पाउला रेगु यांच्या चित्रांचे घर आपल्याला फक्त बाहेरून, म्हणजे त्याचे दोन लाल मनोरे, पाहता येईल. कास्त्रु गिमारैंश यांचा वाडा आणि सांता मार्ता दीपगृहातले संग्रहालय यांचेही तसेच. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो चौकोनी दिवा मात्र बाहेरूनच अधिक छान दिसतो, त्यामुळे तेथे फारसे नुकसान नाही. सिंट्राचा पेना राजवाडा सोमवारी उघडा असतो, पण आत जाण्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, आणि ती वेळ गाठायची तर कश्कायशमध्ये सकाळभर घड्याळाकडे पाहत फिरावे लागेल. आईंचे वय आणि गुडघे यांविषयी कळल्यास पुढचे सांगता येईल.

लाटांवेडा
माझे ऐकाल तर हे दोन्ही सोडून नाझारेला जावे. २०२० साली तेथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर स्वार होऊन जागतिक विक्रम झाला. किल्ल्यावरच्या दीपगृहाशी उभे राहून जे दिसते त्यापुढे कश्कायशची खाडी म्हणजे घरातला हौद आहे.

उठाठेवकर
नाझारे लिस्बनच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि तेथील मोठ्या लाटांचा हंगाम ऑक्टोबरात जेमतेम सुरू होतो. प्रश्नकर्त्यांनी ते विचारलेलेही नाही.

वसईचा बुरूज
कश्कायशचा बालेकिल्ला कोणीही वगळू नये. १८७० पासून राजा लुईश उन्हाळ्यात येथे राहू लागला, त्याच्यामागोमाग दरबार आला आणि कोळ्यांच्या गावाचे श्रीमंतांचे गाव झाले. पोर्तुगालमध्ये विजेचे दिवे पहिल्यांदा लागले तेही येथेच, १८७८ साली. १८८९ मध्ये हा राजा याच किल्ल्यात वारला. आपल्याकडच्या वाचकांसाठी त्याहून जवळची गोष्ट अशी की १५७६ ते १५७८ या काळात गोव्यात गव्हर्नर असलेला दियोगु द मेनेझिश १५८० मध्ये स्पेनच्या फौजेशी लढताना येथेच पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. आता आत हॉटेल आणि कलादालने आहेत, पण चौकात जायला कोणी अडवत नाही.

वाटसरू
इतिहासाबद्दल आभार, परंतु मला अजूनही क्रम मिळालेला नाही. आईचे वय ७२ आहे. गुडघे दुखतात, पण ती कबूल करत नाही. आम्ही शाकाहारी आहोत. तिने शाळेत छत्तीस वर्षे भूगोल शिकवला असल्यामुळे युरोपच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक, म्हणजे काबो द रोका, तिला पाहायचे आहे. सिंट्राचे राजवाडे ही माझी हौस आहे.

उठाठेवकर
हे पहिल्याच परिच्छेदात असते तर सर्वांचाच वेळ वाचला असता. सिंट्रा रद्द करावे. पेनाचा चढ आणि आतल्या रांगा दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत. दहाच्या सुमारास कश्कायशला उतरावे, रिबैरा किनाऱ्यावरून बालेकिल्ला आणि दीपगृह पाहून किनाऱ्याच्या सपाट रस्त्याने वीसेक मिनिटांत बोका दु इन्फेर्नु या कपारीपर्यंत जावे. जेवून थोडा आराम करावा आणि चारनंतर काबो द रोकाकडे निघावे. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर आहे. बस न घेता टॅक्सी ठरवावी आणि ती परतीसाठी थांबवून ठेवावी, कारण अंधार पडल्यावर तेथे वाहन मिळेलच असे नाही. सूर्यास्त सातच्या आसपास होतो. वारा सोसाट्याचा असतो, म्हणून कानटोपी घ्यावी.

खिडकीपाशी
टॅक्सी कशासाठी? बस स्वस्त आहे आणि वळणावळणाचा रस्ता तिच्या उंच खिडकीतूनच नीट दिसतो. शाकाहाराविषयी सांगायचे तर उपाहारगृहात न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज ठेवले जाते. ते खाल्ल्यास बिलात लागते. एका ठिकाणी आम्ही ते आतिथ्य समजून संपवले आणि नंतर बिलाकडे पाहत बसलो. हिरव्या पालेभाजीच्या ‘काल्दु वेर्द’ सुपात सॉसेजची चकती असते, हेही लक्षात ठेवावे.

मांडवीकाठ
बोका दु इन्फेर्नु म्हणजे नरकाचे तोंड. १९३० साली अॅलिस्टर क्रोली या इंग्रज तांत्रिकाने कवी फेर्नांदु पेसोआ यांच्या मदतीने तेथे आत्महत्येचा बनाव रचला होता. उत्तर म्हणून नव्हे, सहज आठवले म्हणून लिहिले.

वाटसरू
सर्वांचे आभार, काल जाऊन आलो. सिंट्रा सोडले आणि टॅक्सी घेतली. कश्कायशच्या चौकात काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची फरसबंदी आहे. ती पूर्ण सपाट असूनही आई प्रत्येक काळ्या पट्ट्यापाशी थांबून, पायरी असल्याप्रमाणे पाऊल उचलून टाकत होती. हे दगड झिजून गुळगुळीत झालेले आहेत, तेव्हा पावसात वयस्कर माणसांना नेणाऱ्यांनी जपावे. रिबैरा किनाऱ्यावर रचून ठेवलेल्या ऑक्टोपसच्या पिंजऱ्यांजवळ ती अर्धा तास बसली, त्यामुळे बोका दु इन्फेर्नु राहिले.

काबो द रोकाच्या स्तंभावर अक्षांश ३८ अंश ४७ मिनिटे उत्तर, रेखांश ९ अंश ३० मिनिटे पश्चिम आणि उंची १४० मीटर असे कोरलेले आहे. आईने कानटोपी सावरत ते मोठ्याने वाचले आणि तळहातावर बोटाने हिशोब मांडला. भारताची प्रमाणवेळ ज्यावरून ठरते त्या मिर्झापूरचे साडेब्याऐंशी आणि येथले साडेनऊ मिळून ब्याण्णव अंश, गुणिले अंशाला चार मिनिटे, म्हणजे सहा तास आठ मिनिटे. आणि आपल्या व येथल्या घड्याळात फरक साडेचारच तासांचा, तेव्हा येथले घड्याळ सूर्याच्या बरेच पुढे पळते आहे, असे तिने मला आणि टॅक्सीवाल्याला समजावून सांगितले. तोपर्यंत सूर्य ढगाआड गेला होता, त्यामुळे सूर्यास्ताचे छायाचित्र नाही.