नव्या कन्सोलचे ‘फुटलेले’ कागद : आधी गुणाकार करा, मग नाचा

बसवाहक :
काल इथे कुणी नऊ फोटो चढवले. पुढच्या पिढीच्या कन्सोलची अंतर्गत कागदपत्रं म्हणे. कंपनीचं नाव काळं केलेलं, प्रत्येक पानावर तिरकं ‘गोपनीय’, आणि खाली चढवणाऱ्याचा शेरा : “शंभर टक्के खरं. ज्यांना कळत नाही त्यांनी गप्प बसावं.” कळतं, म्हणूनच लिहितोय.

फोटो चुकले असतील त्यांच्यासाठी चौथ्या पानावरचा तक्ता : ८० कंप्यूट युनिट (ग्राफिक्स चिपमधले गणनेचे गट), वेग ३.० गिगाहर्ट्झ, ४० टेराफ्लॉप्स (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया). ३२ जीबी जीडीडीआर७ (ग्राफिक्सची मेमरी), ३८४ बिट बस (मेमरी आणि चिप यांतला डेटाचा रस्ता), सेकंदाला १.५ टेराबाइट. वायफाय ७. किंमत ४९९ डॉलर, २०२७ चा नाताळ.

आता गुणाकार. कन्सोलच्या चिपा करणाऱ्या एएमडीच्या एका युनिटात ६४ शेडर (छोटे गणक), प्रत्येकी चक्राला दोन क्रिया. म्हणजे युनिट गुणिले १२८ गुणिले वेग. सोनीचा पीएस५ : ३६ × १२८ × २.२३, उत्तर १०.२८. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स : ५२ × १२८ × १.८२५, उत्तर १२.१५. दोन्ही जाहीर आकड्यांशी जुळतात. इथे ८० × १२८ × ३.० केले की ३०.७२ येतात. ड्युअल-इश्यू (एका चक्रात दोन सूचना) धरून दुप्पट केले तर ६१.४४. मग ४० कुठून उगवले?

मेमरीचंही तेच. जीडीडीआर७ ची एक चिप ३२ बिट रुंद, म्हणजे ३८४ बिटला १२ चिपा. चिप मिळते २ जीबीची किंवा ३ जीबीची. बेरीज २४ होते नाहीतर ३६. ३२ होतच नाही. ज्याने हा कागद ‘बनवला’ त्याला बसची रुंदी फक्त पाठ आहे, समजलेली नाही.

रिफ्लो :
होतच नाही? ८ चिपा ३ जीबीच्या आणि ४ चिपा २ जीबीच्या. २४ अधिक ८. करा बेरीज.

आणि हे हवेतलं नाही. ज्या सिरीज एक्सचा दाखला तुम्हीच दिलात, तिच्यात ३२० बिटवर १६ जीबी आहे. १० चिपा, त्यातल्या ६ दोन जीबीच्या, ४ एक जीबीच्या. तुमच्या नियमाने १० नाहीतर २० व्हायला हवे होते. मग मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये विकलं ते काय, फोटोशॉप?

टेराफ्लॉप्सवरून निकाल लावायची घाई तर करूच नका. पीएस५ प्रोचे कागद २०२४ च्या मार्चमध्ये फुटले, त्यात ३३.५ लिहिले होते. तेव्हाही गणिताचे मास्तर उठले होते की ६० युनिटांत हे बसत नाही. कागद खरे निघाले. ३३.५ हा ड्युअल-इश्यूचा आकडा होता, अधिकृत १६.७. त्याच्या आधी, साध्या पीएस५ च्या वेळी, एएमडीचा चाचणी डेटा गिटहब या कोडच्या साइटवर सापडला होता, ३६ युनिट, २.० गिगाहर्ट्झ, म्हणजे ९.२. सोनीच्या चाहत्यांनी तो ‘जुना आहे, रद्द झालाय’ म्हणून उडवला आणि १३ टेराफ्लॉप्सची स्वप्नं पाहिली. १८ मार्च २०२० ला पीएस५ चा मुख्य आरेखक मार्क सर्नी याने ३६ च युनिट सांगितले. फक्त वेग वाढला होता.

शंभरटक्के :
धन्यवाद रिफ्लो. बाकीच्यांनी वाचावं. मी फोटो टाकले तेव्हा पूर्ण विचार करूनच टाकले होते.

बसवाहक :
बरं, मेमरीचा मुद्दा तुमच्या पदरात. घ्या, हार घालून घ्या. पण तो घेतलात की पुढचंही निस्तरा.

चिपा मिसळल्या की मेमरीचे दोन भाग पडतात. बाराही चिपांवर पसरलेले पहिले २४ जीबी पूर्ण वेगाने, ३८४ बिट × दर बिटला सेकंदाला ३२ गिगाबिट ÷ ८ म्हणजे सेकंदाला १,५३६ गिगाबाइट. उरलेले ८ जीबी फक्त मोठ्या आठ चिपांवर, म्हणून २५६ बिट, म्हणून १,०२४. सिरीज एक्समध्येही १० जीबी ५६० ने आणि ६ जीबी ३३६ ने चालतात, आणि दोन्ही आकडे छापले होते. खेळ बनवणाऱ्याला टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) कुठे ठेवायचं आणि आवाजाचा डेटा कुठे, हे त्यावरच ठरवावं लागतं. या कागदात १.५ हा एकच आकडा. डेव्हलपरला द्यायच्या कागदात ही ओळ गाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहणार नाही.

रिफ्लो :
डेव्हलपरचा कागद आहे हे कोण म्हणालं? त्यात किंमत आहे, नाताळ आहे. हे वरिष्ठांना दाखवायचं सादरीकरण आहे. तिथे कुणी स्लो-पूल, फास्ट-पूल शिकवत बसत नाही.

लॅमिंग्टनकर :
तुमचं टेराफ्लॉप्स चालू द्या, पण ‘वायफाय ७’ ही ओळ कुणी वाचली का? खरं असो की खोटं, आपल्याला काय. पीएस५ प्रो भारतात आणला नाही तो याच कारणाने, वायफाय ७ वापरतं तो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता म्हणून. सोनीने स्वतः सांगितलं. जग खेळणार आणि आपण मुंबईच्या हीरा पन्ना बाजारात काउंटरवर भाव विचारत फिरणार.

बसवाहक :
विषय कागद खरे की खोटे हा आहे.

मुलुंडकरीण :
दोघंही आकड्यांवर भांडताय, फोटो कुणी मोठा करून पाहिला का?

पान ४. फोटो मॉनिटरचा काढलाय, म्हणून सगळ्या पानावर इंद्रधनुषी लाटा दिसतात. पडद्याची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी एकमेकींवर चढली की त्या येतातच. ‘३८४’ वरून लाट सलग जाते. ‘१.५’ वरूनही. ‘४०’ पाशी ती तुटते, दोन्ही अंकांभोवती नखाएवढा चौकोन सपाट राखाडी आहे. म्हणजे तो आकडा फोटो काढल्यावर बसवलाय.

अजून एक. त्या रकान्यातले सगळे आकडे उजव्या कडेला टेकलेत. ४० टेकत नाही. एक टिंब आणि एक अंक मावेल एवढी जागा मोकळी आहे. तिथे ‘३०.७’ ठेवून बघा, काठोकाठ बसतो. बसवाहकांचा गुणाकार किती आला होता?

काळ्या पट्टीचंही सांगते. पान कॅमेऱ्यात किंचित तिरकं आलंय, ‘गोपनीय’ पानासोबत तिरकं आहे, पण पट्टी अगदी आडवी, आणि तिच्यात लाट नाही. पट्टीही मागाहून मारलेली. नाव झाकण्यापुरतं ते समजू शकते. आकडा बदलणं समजू शकत नाही.

शंभरटक्के :
ताई, मी काही बदललेलं नाही. आले तसे टाकले.

मुलुंडकरीण :
तुम्ही बदललंत असं म्हटलेलंच नाही. कुणीतरी ३ चा ४ केला. ध चा मा करायला एकच अक्षर लागतं.

रिफ्लो :
म्हणजे मूळ ३०.७. म्हणजे ८० युनिट आणि ३.० गिगाहर्ट्झशी तंतोतंत. म्हणजे मूळ कागद खरा! बसवाहक, तुमच्या कॅल्क्युलेटरनेच साक्ष दिली.

आकडा बदलण्याचं कारणही सांगतो. कंपन्या प्रत्येकाच्या प्रतीत एखादा आकडा किंचित वेगळा ठेवतात. प्रत फुटली की कुणाची ते कळतं. फोडणारा म्हणून एखादा आकडा मुद्दाम बिघडवतो.

बसवाहक :
सापळा चुकवायचा तर तो ३०.७ चा ३०.५ करेल, बसच्या रुंदीला हात लावेल, पानांचे क्रमांक कापेल. ३० चे ४० करून नोकरी वाचत नाही, लाइक वाढतात.

आणि ३०.७ बरोबर आला म्हणून कागद खरा? गुणाकार मला येतो तसा खोटे कागद करणाऱ्यालाही येतो. पहिल्याने नीट हिशोब करून खोटा कागद केला, दुसऱ्याने त्यावर कडी केली, असंही असू शकतं. २०१६ च्या मार्चमध्ये निन्टेंडो एनएक्सच्या (पुढे स्विच नावाने आलेल्या कन्सोलच्या) लंबगोल कंट्रोलरचे फोटो आले होते. लोकांनी अंगठ्याच्या काठ्यांचा व्याससुद्धा मोजला. मग करणाऱ्यांनीच सांगितलं, त्यातला एक थ्रीडी प्रिंटरवर छापला होता.

लॅमिंग्टनकर :
वायफायचं उत्तर कुणी देणार आहे का?

अंधेरी_लोकल :
देतो. तुमचं रडगाणं अर्धवट आहे. वायफाय ७ चे फोन भारतात सर्रास विकले जातात. पट्टा खुला नव्हता तेव्हाही देशाच्या कोडवरून ६ गिगाहर्ट्झ बंद करायचे, बाकी २.४ आणि ५ वर चालायचं. कन्सोललाही तेच करता आलं असतं. कंपनीला इथल्या खपासाठी वेगळं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) आणि वेगळी मान्यता नको होती, एवढंच. सरकारच्या नावाने खडे फोडू नका. २०२५ च्या मे महिन्यात दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी मसुदा काढलाच होता.

लॅमिंग्टनकर :
तेव्हा नुसत्या मसुद्यावर गेम चालला असता का? डब्ल्यूपीसीची (दूरसंचारची रेडिओ शाखा) उपकरण मान्यता, वर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी, त्यात व्हिडिओ गेम पहिल्या यादीपासून आहेत. फोन लाखोंनी खपतात, म्हणून ते हे सोपस्कार करतात. कन्सोल किती खपतात? पीएस५ जगात २०२० च्या नोव्हेंबरात आला, इथे २ फेब्रुवारी २०२१ ला. निन्टेंडो तर अधिकृतपणे येतच नाही.

अंधेरी_लोकल :
आणि सिरीज एक्स? १० नोव्हेंबर २०२० ला, जगाबरोबरच, ४९,९९० ला. तेव्हा बीआयएस आडवं आलं नाही?

लॅमिंग्टनकर :
एक उदाहरण सापडलं की लगेच नाचायचं! ग्रे मार्केटचा (अनधिकृत आयातीचा) माल घेणाऱ्यांना काय भोगावं लागतं ते एसीत बसून कळत नाही. वॉरंटी ज्या देशाची, त्याच देशात.

मुलुंडकरीण :
विषय सुटलाच आहे तर निदान नीट माहिती तरी जाऊ द्या. बाहेरचा पीएस५ घेणाऱ्यांनी खोक्यावरचा मॉडेल नंबर बघा. सुरुवातीच्या सीएफआय-१००८ मध्ये शेवटचे ०८ म्हणजे आपल्याकडचा, १५ म्हणजे अमेरिकेचा. पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारणाऱ्याला हात जोडा. मागची इंग्रजी आठच्या आकाराची दोन पिनांची वायर फक्त बदलायची. खेळाच्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात, पण डीएलसी (खेळाला जोडायचा जादा भाग) डिस्कच्याच प्रदेशाच्या खात्यातून घ्यावी लागते, नाहीतर पैसे जातात आणि डीएलसी दिसत नाही. ब्लू-रे सिनेमे मात्र अडतात. अमेरिका ए, युरोप बी, आपण सी.

लॅमिंग्टनकर :
ताईंनी सांगितलं ते बरोबर. पण वायफायचं नाही सांगितलं.

जुना_खेळाडू :
एवढे लढताय, पण ‘कागद खरा’ आणि ‘कन्सोल असाच येणार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणी बोललंच नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या एफटीसी (व्यापार आयोग) विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात खुद्द मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं चुकून न झाकता बाहेर आली. त्यांच्या खरेपणावर कुणाचं दुमत नव्हतं. त्यात ‘ब्रुकलिन’ होता : गोल, नळकांड्यासारखा, डिस्कशिवाय, २ टेराबाइट, ४९९ डॉलर. एक्सबॉक्सच्या तेव्हाच्या प्रमुखाने, फिल स्पेन्सरने, सगळ्यांना कळवलं की बरंच काही बदललंय. २०२४ मध्ये आला तो नेहमीचाच चौकोनी ठोकळा, पांढरा, डिस्कशिवाय, १ टेराबाइटचा. २०१२ चं छप्पन्न पानी ‘एक्सबॉक्स ७२०’ आठवतं का? वकिलांनी ते काढायला लावलं, तेव्हाच खरं असल्याची पावती मिळाली. त्यात किंमत २९९ डॉलर आणि जोडीला चष्मे. २०१३ च्या नोव्हेंबरात आला तो ४९९ ला. चष्मे काही आले नाहीत.

म्हणून ‘४९९ डॉलर’ या ओळीवर हसू नका, विश्वासही ठेवू नका. ते उद्दिष्ट असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये साधा डिस्कवाला पीएस५ अमेरिकेत ५४९.९९ झाला आणि प्रो ७४९.९९. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यावर ३२ जीबी जीडीडीआर७ घालून ४९९ ला कोण देणार?

बसवाहक :
म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे.

जुना_खेळाडू :
नाही. मी कुणाच्याच बाजूचा नाही. चिपचे आकडे लवकर ठरतात, कारण सिलिकॉनचं आरेखन करून फॅक्टरीत पाठवायला वर्षं लागतात. ते फुटले की सहसा टिकतात. चिप करणाऱ्या एनव्हिडियावर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला, त्यात फुटलेल्या फायलींत टी२३९ ही चिप आणि १,५३६ कोअर होते. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेंडोचा स्विच २ तेवढेच घेऊन आला. वेग, मेमरी, किंमत, खोक्याचा आकार हे शेवटपर्यंत हलतं. कागद खरा निघाला तर ८० युनिटांवर पैज लावेन, बाकी एकाही ओळीवर नाही.

रिफ्लो :
हेच मी पहिल्यापासून म्हणतोय.

बसवाहक :
तुम्ही पहिल्यापासून ४० टेराफ्लॉप्सचं वकीलपत्र घेतलं होतंत. वर जाऊन वाचा.

मुलुंडकरीण :
शंभरटक्के, एक काम करा. मूळ फायली व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नको. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि तारीख, कॅमेरा सगळी माहिती गळते. नऊच्या नऊ पानं, न कापता. चौथं पान वेगळ्या कोनातून पुन्हा काढलं तर उत्तमच, लाटा कोनाबरोबर बदलतात आणि बसवलेला आकडा उघडा पडतो. पीडीएफ असेल तर कुठल्या प्रोग्रामने कधी बनवली तेही बघता येईल.

शंभरटक्के :
ज्याने पाठवले त्याने काल रात्री ग्रुप सोडला. नंबर लागत नाही. पण माणूस खात्रीचा आहे.

बसवाहक :
शंभर टक्के?

लॅमिंग्टनकर :
फायली आल्याच तर मला वायफायचं पान आधी पाठवा.