मागे बाण आणि 'पॅट. १६९': हे स्टॉपवॉच कोणाचं?

चावी_३०: पुण्याच्या जुन्या बाजारातलं स्टॉपवॉच आहे. मागच्या झाकणावर बाण, खाली 'पॅट. १६९' आणि चार आकडी क्रमांक. पांढरी डायल, सेकंदाचे पाच भाग, कंपनीचं नाव नाही. कोणत्या दलाचं आणि सालाचं, हे कसं शोधायचं? शून्यावर आणताना मोठा काटा कधी नेमका बसतो, कधी दोन घरं पुढे थांबतो.

भिंग_दहापट: 'पॅट.'चा पेटंटशी संबंध नाही. तो ब्रिटिश नौदलाच्या भांडारातला पॅटर्न, म्हणजे नमुना क्रमांक. एकाच नमुन्याचा माल वेगवेगळ्या कंपन्यांनी पुरवला, त्यामुळे त्यावरून ना कंपनी कळते ना साल. हवाई दलाचं असतं तर 'ए.एम.' (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटिश हवाई खातं) आणि '६बी'ने सुरू होणारा क्रमांक दिसला असता. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. तो नीट पाहा: दोन्ही बाजूंना 'डी' असेल तर ऑस्ट्रेलिया, 'सी'च्या पोटात असेल तर कॅनडा, सोबत 'आय' असेल तर ब्रिटिश काळातलं हिंदुस्थान सरकार. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सेवेतून काढून विकलेला नग.

कोरीवकाम भिंगाखाली तपासा. जुन्या रेषांच्या कडा झिजून बोथट होतात, तळाशी मळ बसतो. मुलामा झिजलेला आणि अक्षरांत मात्र पितळ पिवळंधमक चमकतंय, तर कोरीवकाम अलीकडचं समजा.

साल काढायचं तर मशीन बघावं लागेल. बॅलन्सखाली (मशीनमधलं मागेपुढे झुलणारं चाक) किंवा डायलखाली मशीन बनवणाऱ्याची खूण असते. त्या मशीनचं उत्पादन कोणत्या वर्षांत झालं, त्यावरून काळ ठरतो. न उघडता एक चाचणी जरूर करा: फोनवर १० सेकंद टिकटिक रेकॉर्ड करून ठोके मोजा. तुमच्या डायलला ५० यायला हवेत. १०० आले तर मशीन एक दशांश सेकंदाचं आहे, म्हणजे डायल किंवा मशीन बदललंय.

बदामकॅम: काट्याबद्दल. मोठ्या काट्याच्या दांड्यावर बदामाच्या आकाराचा कॅम, म्हणजे दांड्यासोबत फिरणारी चकती, असते. बटण दाबलं की हातोडी तिच्यावर आपटून तिला खाचेत आणते. दहा वेळा चालवून शून्यावर आणा आणि फरक लिहून ठेवा. दर वेळी सारखाच फरक म्हणजे काटा चुकीच्या कोनात बसवलाय. तुमच्यासारखा बदलता फरक असेल तर काटा दांड्यावर सैल झालाय, किंवा वाळलेल्या तेलामुळे हातोडी पूर्ण खाली येत नाही. जोरजोरात दाबू नका, काटा आणखी सैल होतो. वरून तेलही सोडू नका, ते बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगवर गेलं की वेटोळे चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. तेल वाळलं असेल तर मशीन पूर्ण सुटं करून धुणं हाच इलाज.

चावी_३०: काट्यांत तपकिरी भुकटीसारखं काही भरलंय. अंधारात चमकत नाही.

भिंग_दहापट: मग उघडू नका! ते रेडियम असू शकतं, म्हणजे काटे अंधारात चमकावेत म्हणून पूर्वी रंगात घालायचे तो किरणोत्सर्गी पदार्थ. चमक जाते ती त्यात मिसळलेलं, प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, किरणोत्सर्ग चालूच राहतो. खरा धोका पोटात किंवा श्वासात जाणाऱ्या भुकटीचा. काच शाबूत ठेवा, खरवडू नका. कारागिराकडे देण्याआधी गायगर काउंटरने (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) मोजून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा.