मदत हवी आहे: थ्रस्टर जोरात चालले की पाणबुडी रोबोचा कंपास १७ अंशांनी सरकतो

शेततळं३०बाय३०: कॉलेज टीम, छत्रपती संभाजीनगर. स्वयंचलित पाणबुडी, २० सेंमी व्यासाची ॲक्रिलिक नळी, आरएम३१०० मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा, कंपासचा सेन्सर) वरच्या बाजूला, १८६५० लिथियम सेलचा बॅटरी पॅक, सहा थ्रस्टर (यान ढकलणारे मोटरचे पंखे), पूर्ण जोरात एकूण २५ अँपिअर. टेबलावर थ्रस्टर फिरवले तरी चूक २ अंशांच्या आत. पैठणजवळच्या शेततळ्यात मात्र उत्तर-दक्षिण रेषेवर १७ अंशांपर्यंत जाते. पूर्व-पश्चिम रेषेवर जवळपास काहीच नाही. थ्रस्टर बंद केले की काटा जागेवर. पाण्यामुळे होतंय का? फिल्टर लावू का?

गोदाकाठ: फिल्टर अजिबात नको, तो चुकीचीच दिशा गुळगुळीत करून देईल. पाणीही निर्दोष आहे, चुंबकाच्या लेखी ते हवेसारखंच. पण हवेत पंख्यावर भार नसतो, करंट किरकोळ वाहतो, म्हणून टेबलावर काही दिसलं नाही.

बॅटरीच्या मुख्य तारा कशा नेल्यात?

शेततळं३०बाय३०: नळीच्या लांबीने. प्लस सेन्सरच्या १० सेंमी खालून, मायनस तिच्याखाली ३ सेंमी.

गोदाकाठ: मग हिशेब जुळला. २५ अँपिअरला प्लस तार सेन्सरपाशी ५० मायक्रोटेस्ला देते, मायनस उलट दिशेने साडेअडतीस. उरले साडेअकरा, तेही आडवे. आपल्याकडे पृथ्वीचं क्षितिजसमांतर क्षेत्र ३८ च्या आसपास, म्हणजे कंपास १७ अंश फिरणारच. नाक पूर्वेला असताना हेच साडेअकरा उत्तर-दक्षिण रेषेत पडतात, क्षेत्र कमी-जास्त होतं पण दिशा बदलत नाही.

दोन्ही तारा एकमेकींत पिळा, दर २-३ सेंमीला एक पीळ, बॅटरीपासून थेट ईएससीपर्यंत (थ्रस्टरच्या मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट). सेन्सर जमेल तेवढा नाकाकडे सरकवा. थ्रस्टरच्या चुंबकांपासून अंतर दुप्पट केलं की त्यांचा त्रास आठवा हिस्सा उरतो.

एवढं करून जे उरेल तेच सॉफ्टवेअरने काढा. प्लास्टिकच्या टाकीत यान घट्ट बांधा आणि २५, ५०, ७५, १०० टक्के जोरावर दहा-दहा सेकंद चालवून करंट आणि तिन्ही अक्षांची नोंद घ्या. अक्षाचं वाचन करंटबरोबर सरळ रेषेत वाढलं, तर तो उतार गुणिले करंट वजा करा. रेषा वाकडी आली तर या करंटशिवाय आणखी कशाचा तरी परिणाम होतोय, त्याचा शोध घ्या.

काळापाषाण: कंपासचं कॅलिब्रेशन (यान सगळीकडे फिरवून वाचन जुळवणं) कुठे करता तेही बघा. स्लॅबवर नको, आत सळ्या असतात. शेततळ्याच्या काठावर कुंपणाचे अँगल आणि पंप असतो, तिथंही नको. मोकळ्या रानात लाकडी स्टुलावर करा. सगळ्या बाजूंनी फिरवताना एकूण क्षेत्र ४३ मायक्रोटेस्लाच्या आसपास स्थिर राहिलं पाहिजे. १८६५० सेलचं कवच पोलादी असतं, म्हणून पॅक बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा. ३०४ स्टीलचे बोल्ट थंड घडवताना चुंबकीय होतात, एकेकाला चुंबक लावून तपासा, चिकटला तर पितळी घाला. चुंबकाने चालणारा ऑन-ऑफ स्विच असेल तर आधी तो सेन्सरपासून लांब हलवा.

पुढे नाथसागरात उतरवणार असाल, तर आपला बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे. खडकाळ तळाजवळून जाताना दिशा ठरवताना कंपासपेक्षा गायरोला (वळण मोजणारा सेन्सर) वजन जास्त द्या.

शेततळं३०बाय३०: ईएससी ते थ्रस्टरच्या तीन तारांनाही पीळ?

गोदाकाठ: हो, तिघींची वेणी घाला. तिन्ही करंटची बेरीज कायम शून्य असते, पण तारा फाकल्या की क्षेत्र बाहेर पडतं.