नवे रबर लावूनही ब्रेक वाजतो तेव्हा

सायकलचा ब्रेक वाजत असेल तर त्याचे रबर (ब्रेक दाबल्यावर चाकाच्या रिमला, म्हणजे धातूच्या कड्याला, घासतात ते) बदलले की आवाज जातो असं सांगतात, ते मला अर्धंच पटतं. मालवणात माझ्या सायकलचे नवे रबरही आठवड्याभरात किंचाळायला लागले. काढून पाहिले तर जांभ्याची लाल धूळ आणि रिमच्या अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण त्यात रुतलेले. टाचणीने ते उकरले, चकचकीत झालेला थर काचपेपरने घासला, रिम स्पिरिटने पुसली. खाऱ्या हवेत गंज नको म्हणून आपण चेनला सढळ हाताने तेल देतो, ते रिमवर उडत नाही ना, तेवढं मात्र बघा.

उरलेला आवाज गेला तो कोन बदलल्यावर. रबराचं पुढचं टोक, म्हणजे सायकल जाते त्या दिशेचं, रिमला आधी टेकायला हवं. मागचं टोक आणि रिम यांच्यामध्ये लग्नपत्रिकेचा दुमडलेला तुकडा ठेवायचा (साधारण १ मिमी जाड), ब्रेक दाबून धरायचा, रबराचा सैल केलेला नट आवळायचा आणि तुकडा काढून घ्यायचा.