मदत हवी आहे: कपाटात बुरशी, कपड्यांची मांडणी कशी बदलू?

नेरूळला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो आम्ही. बेडरूममधलं कपाट प्लायचं, भिंतीतच बसवलेलं: रुंदी 5 फूट, उंची 7, खोली 22 इंच. मागची भिंत पश्चिमेची, म्हणजे जून ते सप्टेंबर पाऊस थेट तिच्यावर. कपाट हलत नाही आणि मालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत.

दोघांचे कपडे, शिवाय सासूबाईंनी दिलेल्या चार पैठण्या. गेल्या आठवड्यात खालच्या खणातली जांभळी उघडली तर घडीच्या रेषेवर पांढरट ठिपके आणि ओल्या गोणपाटासारखा वास. पोटात गोळाच आला.

करून झालंय: कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या (कसर गेली, वास मात्र ऑफिसपर्यंत सोबत येतो), सिलिका जेलच्या पुड्या. कॅल्शियम क्लोराइडचा डबा आठ दिवसांत पाण्याने भरला. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून साड्या सुती कापडात गुंडाळल्यात. दारं रोज तासभर उघडी ठेवते. डिह्युमिडिफायर सध्या बजेटबाहेर.

दांडा एकच, 3 फुटांचा. त्यावर ह्यांचे शर्ट आणि माझे कुर्ते इतके दाटीवाटीने की एक ओढला की तीन खाली. पैठण्या लटकवल्या तर जरीच्या वजनाने कापड ताणतं म्हणतात, तिथे जागाही नाहीच. मग त्या घडी करून वरच्या खणात ठेवू की बेडच्या बॉक्समध्ये? आणि मागच्या प्लायपासून कपडे किती इंच पुढे ठेवावेत, काही न ठोकता ते अंतर टिकवायला तुम्ही काय वापरलंत?